हंपीचं विठ्ठल मंदिर: रिकामा गाभारा आणि भानुदासांची कथा

अबोली
मागच्या महिन्यात आईला हंपीला घेऊन गेले होते. आई तीस वर्षं वारी करते, त्यामुळे हंपी म्हटल्यावर तिला राजवाडे, हत्तीखाने यांत काही रस नव्हता. "विठ्ठलाचं देऊळ आहे ना, मग तिथं आधी," एवढंच तिचं म्हणणं.

बॅटरीच्या गाडीतून उतरलो, गोपुरातून आत गेलो. समोर तो दगडी रथ, भोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. आईने रथाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून तुळशीची माळ काढली आणि थेट देवळाकडे निघाली. मूर्ती नाही हे मला ठाऊक होतं, पण तिला आधी सांगायचा धीर झाला नव्हता. माळ हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "देव इथून आपल्याकडं परत आला, ते ठीक. पण मग यांनी एवढं मोठं घर ओकंबोकं का ठेवलं?"

आमच्या वाटाड्याने त्याच्याकडची गोष्ट सांगितली. राजाने विठ्ठलासाठी हे देऊळ बांधलं, देव पाहायला आला, पण एवढा थाट बघून त्याला करमेना, म्हणून तो पंढरीच्या आपल्या लहानशा घरी निघून गेला. आईला ही गोष्ट फार आवडली. पण आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली कथा वेगळी आहे. राजाने पंढरपूरची मूर्ती नेली आणि भानुदास महाराजांनी ती परत आणली. आणि इतिहासाच्या पुस्तकात वाचलं होतं की १५६५ च्या लढाईनंतर हे शहर उद्ध्वस्त झालं.

तर प्रश्न असा: हा गाभारा नक्की कधी आणि कशामुळे रिकामा झाला? भानुदासांच्या कथेला इतिहासाचा काही आधार आहे का? आईला मला खरं उत्तर द्यायचं आहे. तिला दुखवायचं नाही आणि फसवायचंही नाही.

टाळकरी
अबोलीताई, आईंना आधी माझा दंडवत सांगा.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी, कीर्तनात ऐकली तशी सांगतो. विद्यानगरचा, म्हणजे विजयनगरचा (आजची हंपी) राजा पंढरीला आला, विठोबाला पाहून त्याचं मन तिथून निघेना, आणि तो देवालाच आपल्या राजधानीला घेऊन गेला. आषाढीला वारकरी जमले तर विटेवर देव नाही. सगळे वाळवंटात बसून रडू लागले. तेव्हा पैठणचे भानुदास पुढे झाले, म्हणाले, मी आणतो. कापडाचा व्यापार करणारा माणूस, गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोलणारा. त्याच्याजवळ ना फौज ना पैसा.

ते रात्री राजाच्या देवघरात पोचले. देवाने आपल्या गळ्यातला रत्नहार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी हार नाही म्हणून शोध सुरू झाला, हार भानुदासांकडे सापडला, राजाने सुळाची शिक्षा फर्मावली. सुळासमोर उभे राहून भानुदासांनी अभंग म्हटला, की आभाळ कोसळलं तरी तुझं नाम सोडणार नाही. त्या सुळाच्या वाळल्या लाकडाला पालवी फुटली. राजा धावत आला, पायावर पडला. देव अगदी लहानगा झाला आणि भानुदासांच्या पडशीत बसून पंढरीला आला. गावाजवळ आल्यावर पुन्हा मूळ रूपाएवढा झाला.

ही कथा ऐकताना मंडपात ज्यांचे डोळे कोरडे राहतात असं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. इतिहासाचं जाणकारांनी सांगावं.

कैरी
पन्नासच्या नव्या नोटेवर आहे तोच हा रथ ना? आजच निरखून पाहिला.

शिळाप्रेमी
@कैरी, तोच.

अबोली, प्रश्न फार चांगला आहे. मी हंपीला चार वेळा गेलोय, दर वेळी या देवळात अर्धा दिवस जातो. मला कळलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, कथेतला राजा म्हणून ज्याचं नाव घेतात त्या एकट्या कृष्णदेवरायाचं हे देऊळ नाही. त्याचा मूळ भाग त्याच्या आधीचा, बहुतेक अभ्यासक दुसऱ्या देवरायाच्या काळाकडे, म्हणजे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे बोट दाखवतात. म्हणजे विजयनगरात विठ्ठलाची पूजा कृष्णदेवराय गादीवर बसण्याच्या कितीतरी आधी सुरू होती. त्यासाठी पंढरपूरहून मूर्ती आणायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट तारखांची. कृष्णदेवराय १५०९ ला राजा झाला. भानुदासांची समाधी परंपरेनुसार शके १४३५, म्हणजे १५१३. मूर्ती नेणं आणि परत आणणं हे सगळं या चार वर्षांत बसवावं लागतं. आणि त्याच १५१३ मध्ये कृष्णदेवरायाच्या दोन राण्या, चिन्नादेवी आणि तिरुमलादेवी, या देवळाची गोपुरं उभारत होत्या. १५१६ च्या सुमारास शंभर खांबांचा मंडप झाला. १५५४ मध्ये उत्सवमूर्तीला झोका द्यायचा मंडप बांधला गेला. ज्या देवळातून देव निघून गेला, तिथे चाळीस वर्षं गोपुरं, मंडप आणि झोका कोण बांधत बसेल?

म्हणून माझं मत असं की गाभारा रिकामा झाला तो १५६५ नंतर. जानेवारी १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत (आपण तालिकोट म्हणतो ती) विजयनगरचा कारभार पाहणारा रामराय मारला गेला, राजघराणं खजिना घेऊन पेनुकोंड्याकडे निघून गेलं आणि राजधानी महिनोन्महिने लुटली गेली. देव त्या धामधुमीत गेला. कुठे, ते त्या दगडांना ठाऊक.

गोदातीर
मी पैठणचा. वरचा प्रतिसाद वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितोय, राग नाही.

भानुदास महाराज म्हणजे आमच्या नाथांचे पणजोबा. भानुदास, त्यांचे चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण आणि त्यांचे एकनाथ. नाथांची पालखी आजही दर आषाढीला पैठणहून पंढरीला चालत जाते. भानुदासांची समाधी कुठे आहे? पैठणला गोदाकाठी नाही, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या आवारात आहे. दुसऱ्या गावच्या एका कापडविक्याला देवाच्या इतकं जवळ जागा मिळाली, ती काहीच न घडता मिळाली का? त्या माणसाने पंढरीसाठी काहीतरी फार मोठं केलं होतं, हे मला त्या समाधीवरून दिसतं. गोपुराची तारीख शिलालेखात सापडते. समाधीची जागा हा पण पुरावाच धरा की.

शिळाप्रेमी
@गोदातीर, समाधीचा मुद्दा मी लिहायला हवा होता. मान्य, तो वजनदार आहे. भानुदासांनी काहीच केलं नाही असं मला म्हणायचं नाही. मूर्ती संकटाच्या वेळी दुसरीकडे हलवणं आणि नंतर परत आणणं हे पंढरपुरात पुन्हा पुन्हा घडलंय. अफझलखान १६५९ मध्ये त्या बाजूने आला तेव्हा, पुढे औरंगजेबाची छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला पडली होती तेव्हा. देव आसपासच्या गावांत लपवून ठेवत. तसंच काहीतरी भानुदासांच्या काळातही घडलं असेल आणि ते धाडस त्यांचं असेल, हे मला सहज पटतं. पटत नाही ते एवढंच, की हंपीच्या या गाभाऱ्यात बसलेली मूर्ती तीच होती.

ओवी
राजाच्या नावाचाही घोळ आहे बघा. आमच्याकडे पोथी लावतात. महिपतींच्या भक्तविजयात राजा रामराजा आहे. कीर्तनकार मात्र कृष्णदेवराय म्हणतात.

शिळाप्रेमी
@ओवी, फार महत्त्वाचं बोललात. भक्तविजय १७६२ चा. म्हणजे भानुदासांनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. तोवर महाराष्ट्रात विजयनगरचा राजा म्हटलं की तालिकोटचा रामरायच लोकांच्या ध्यानात राहिला असणार. रामरायाच्या हाती कारभार आला १५४२ नंतर, भानुदास जाऊन तीस वर्षं झाल्यावर. महिपतींनी तोंडोतोंडी आलेली कथा ऐकली तशी प्रेमाने बांधली. तारखा जुळवणं हे त्यांचं कामच नव्हतं.

सीमेवरचा
बेळगावकडचा आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, भजनात दोन्ही. म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने.

सगळे मूर्ती कुठून कुठे गेली यावर बोलतायत, पण विठ्ठल कर्नाटकात परका पाहुणा होता असं धरून चाललेत. तसं नाही. भीमेच्या काठावरचं पंडरगे, म्हणजे आपलं पंढरपूर, हे १२३७ च्या होयसळ राजा सोमेश्वराच्या कन्नड लेखात येतं, देवाच्या पूजेसाठी गाव दिल्याची नोंद आहे, पुंडलिकाचं नावही आहे. पंढरीचा चौऱ्यांशीचा लेख, म्हणजे देणगीदारांच्या नावांचा तो शिलालेख ज्याला आपण पाठ घासतो, तो १२७३ ते १२७७ मधला. म्हणजे देणगी देणाऱ्यांत कानडी राजा आधी, यादवांचा रामदेवराव नंतर. ज्ञानदेवांनी देवाला "कानडा" म्हटलं त्याचा अर्थ कोणी "न कळणारा" असा लावतात, कोणी सरळ "कर्नाटकचा" असा. त्याच ओळीत पुढे "कर्नाटकु" आहे, त्यामुळे मला दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येतात.

आणि हंपीला गेलात तर विठ्ठलाच्या देवळापासून नदीकडे पाच मिनिटं चालत जा. तुंगभद्रेच्या पात्रात कन्नड संतकवी पुरंदरदासांचा मंटप आहे. साधे खांब, वर साधं छत. धरणाचं पाणी सोडलं की पाण्याखाली जातं. पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी "पुरंदर विठ्ठल" येतो. त्यांचे पुढचे दास पण विजय विठ्ठल, गोपाल विठ्ठल अशीच नावं लावत आले. आमच्या भजनी मंडळात शेवटचं पद कन्नड असतं, त्यानंतर तुकोबांचा अभंग आणि मग आरती. मूर्ती कोणी कोणाकडून नेली याचा वाद गल्लीत मी कधी ऐकला नाही.

अबोलीताई, तुमच्या आईंना त्या मंटपात नेलं का?

अबोली
@सीमेवरचा, नाही नेलं. लांबून दिसला होता, नाव कळलं नव्हतं. आता हळहळ वाटतेय.

सगळ्यांचे आभार, वाचतेय. संध्याकाळी आईला वाचून दाखवणार आहे.

दगडफूल
मी वास्तुरचनेचं काम करते, म्हणून थोडं देवळाविषयी. लोक रथाला रथ समजून फोटो काढून जातात. तो खरं तर गरुडाचं देऊळ आहे. विष्णूच्या समोर त्याचं वाहन असायला हवं, म्हणून गाभाऱ्याकडे तोंड करून गरुड बसवायची जागा रथाच्या आकारात केली. आत्ता पुढे दोन हत्ती दिसतात, पण ते मूळचे नाहीत. नीट पाहिलं तर हत्तींच्या मागे घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून शिल्लक आहेत. आणि वर विटांचं शिखर होतं. १८५६ मध्ये ग्रीनलॉ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काढलेल्या छायाचित्रात ते दिसतं, पुढे काढून टाकलं. आज आपण बघतो तो रथ डोकं उघडं असलेला आहे.

म्हणजे गाभाऱ्यात देव नाही आणि रथात गरुडही नाही. मला तिथे गेल्यावर याच गोष्टीने गलबलून येतं. दोघं समोरासमोर असायला बांधलेली ही जागा आहे.

संगीताच्या खांबांबद्दल: रंगमंडपातले ५६ खांब वाजवल्यावर सूर देतात. हात लावायला आता बंदी आहे आणि ती असायलाच हवी. लाखो लोकांनी टिचक्या मारून ते झिजवलेत. वाटाडे कोणाला गुपचूप वाजवून दाखवत असतील तर कृपया नको म्हणा.

नवखा_वाचक
धाग्याच्या विषयाबाहेरचं विचारतो, पण पंढरपूरला रखुमाई वेगळ्या देवळात का? हंपीला पण तसंच होतं का?

टाळकरी
@नवखा_वाचक, कथा अशी की राधा कृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आला, तिथे पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, त्याने वीट टाकली आणि देव उभा राहिला तो राहिलाच. रखुमाई अजून रुसलेली, म्हणून शेजारी नाही, मागच्या बाजूला आपल्या देवळात. आमच्या गावच्या बायका आधी रखुमाईला ओटी भरतात आणि मग विठ्ठलाकडे जातात, त्याला जरा वाट पाहू दे म्हणतात.

दगडफूल
हंपीला मोठ्या देवळाच्या आवारातच देवीसाठी वेगळं मंदिर आहे. तिकडच्या वैष्णव देवळांत ही नेहमीची रचना आहे, देवी तिच्या स्वतंत्र मंदिरात. रुसवा आपल्याकडचा!

बाभूळबन
विठ्ठल विष्णूच हे कशावरून, असा एक वाद आहे. दशावतारात त्याचं नाव नाही, विष्णूच्या चोवीस नावांतही नाही. तरी आपल्या जुन्या चित्रांत नववा अवतार म्हणून बुद्धाच्या जागी विठ्ठल काढलेला असतो, आमच्या घरच्या देवघरात तसं चित्र आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' मध्ये गवळी-धनगरांचा देव वैष्णव कसा झाला हे मांडलं. आणि माढ्याच्या देवळातली मूर्ती मूळची असावी असंही त्यांचं म्हणणं होतं, अफझलखानाच्या वेळी तिथे नेलेली. त्यावर पंढरपुरात मोठा गदारोळ झाला होता.

मला ढेऱ्यांचं पुस्तक फार प्रिय आहे, पण माढ्याच्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. शतकानुशतकं लोकांनी ज्या पायांवर डोकं ठेवलं तीच माझ्यासाठी मूळ मूर्ती.

गोदातीर
@बाभूळबन, शेवटचं वाक्य माझ्या मनातलं.

@शिळाप्रेमी, रात्रभर तुमच्या १५१३ वर विचार केला. आमच्या घरातल्या थोरल्या काकांनाही विचारलं. ते म्हणाले, विजयनगरला देव नेला तो त्यांनी आपल्या मोठ्या देवळात बसवला असं कथेत कुठे आहे? कथेत राजाच्या देवघरात आहे. कोणी तो अनागोंदीला नेला म्हणतात, ती तर हंपीहून नदीच्या पलीकडे. म्हणजे मोठ्या देवळातला देव निराळा आणि भानुदासांनी आणला तो निराळा असू शकतो ना?

शिळाप्रेमी
@गोदातीर, काकांना नमस्कार सांगा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तसं असेल तर १५१३ च्या गोपुराशी कथेचं भांडणच उरत नाही. पुरावा नाही, पण विरोधही नाही. दोन वेगळ्या घटना: एक देव पंढरीला परत आला, दुसरा १५६५ नंतर गेला. आपण एकाच रिकाम्या गाभाऱ्याला दोन्ही चिकटवत होतो.

सीमेवरचा
काका इथे सभासद होत असतील तर बघा :)

ओवी
आणि वाटाड्याची ती कथा? देवाला थाट मानवला नाही ती? ती मी पहिल्यांदाच ऐकली.

सीमेवरचा
@ओवी, ती तिकडे सगळे सांगतात. माझ्या आजीकडूनही ऐकली आहे, कन्नडमध्ये. मला तिच्यात एक गोष्ट फार लागते. मराठी कथेत राजा देव नेतो आणि संत परत आणतो. कन्नड कथेत देव स्वतःच्या मनाने जातो. ज्यांचं देऊळ रिकामं झालं त्यांनी आपल्या कथेत कोणावरही चोरीचा आळ घेतलेला नाही. लुटीचं नावसुद्धा त्यात नाही. देवाला पंढरी आवडली म्हणून गेला, एवढंच.

दगडफूल
@सीमेवरचा, हे वाचून थांबले काही क्षण.

अबोली
काल रात्री आईला सगळा धागा वाचून दाखवला. दोन तास लागले, कारण मध्येमध्ये ती थांबवत होती.

राण्यांनी गोपुरं बांधली हे ऐकून तिने त्यांची नावं दोनदा म्हणवून घेतली. चौऱ्यांशीला पाठ घासताना इतकी वर्षं तिथे देणगीदारांची नावं कोरलेली आहेत हे तिला माहीत नव्हतं, ती म्हणाली पुढच्या वारीला हात लावून बघते. १५६५ चं ऐकताना गप्प होती. मग काकांचा मुद्दा वाचला, तेव्हा म्हणाली, "म्हणजे तिथला देव आपल्याकडं आलाच नाही. तो तिथलाच होता, आणि तो गेला." मी म्हटलं, हो, बहुधा. तिला वाईट वाटलं. आपल्याकडे आहे म्हणून नव्हे, त्यांच्याकडे नाही म्हणून. सीमेवरचा यांच्या आजीची गोष्ट तिने मला परत वाचायला लावली.

मी एक सांगायची राहिले होते. त्या दिवशी ती तुळशीची माळ आईने परत आणली नाही. मी तिकिटं पिशवीत ठेवत होते तेवढ्यात ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी वाकली आणि माळ तिथे ठेवून आली. पहारेकऱ्याने पाहिलं. मला वाटलं, ओरडेल. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

आता तिला परत जायचंय, पुरंदरदासांच्या मंटपात बसायला. पाणी कधी सोडतात, कोणत्या महिन्यांत मंटप उघडा असतो, कोणी सांगेल का? सोलापूर-विजयपूर-होसपेटे गाडीने जायचा विचार आहे. आईच्या गुडघ्यांना किती चालणं पडेल तेही कळलं तर बरं.

सीमेवरचा
पावसाळा आणि त्यानंतरचे दोनेक महिने टाळा. डिसेंबर-जानेवारीत चांगलं, ऊनही सोसतं. मंदिराच्या फाटकापासून वाट उताराची आणि दगडांची आहे, काठी बरोबर घ्या, सकाळी लवकर जा. आईंना म्हणावं, आमच्या मंडळातले दोघं-तिघं मृदंग घेऊन येतील, त्यांनी फक्त एक अभंग म्हणावा.